इंटेल एक्स५२०-डीए२: १० गिगाबिटचं जुनं कार्ड गर्दीच्या सर्व्हरवर कसं वागतं

सर्व्हरमध्ये १० गिगाबिटचं कार्ड बसवलेलं असतं, स्विचही १० गिगाबिटचा असतो, तरी वेग ४-५ गिगाबिटवरच अडकतो. रात्री गर्दी वाढली की पॅकेट गळू लागतात, मग कार्ड खराब ठरवून बदललं जातं आणि नव्या कार्डावरही तेच दिसतं. इंटेलच्या एक्स५२०-डीए२ बद्दल ही तक्रार नेहमीची आहे, आणि बहुतेक वेळा कार्ड निर्दोष असतं. पॅकेट नेमकं कुठे मेलं हे हे कार्ड अगदी स्पष्ट सांगतं, फक्त ते जिथे सांगतं तिथे कुणी बघत नाही. हे परीक्षण लिनक्स सर्व्हरवर हे कार्ड वापरणाऱ्यांसाठी किंवा जुन्या बाजारातून घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे.

कार्डावर ८२५९९ ही २००९ सालची चिप, दोन एसएफपी-प्लस पोर्ट (केबल किंवा ऑप्टिकल मॉड्यूल बसवायच्या खाचा) आणि पीसीआय एक्सप्रेस २.० चा ८ लेनचा (डेटाच्या ८ वाटांचा) कनेक्टर आहे. ड्रायव्हर आयएक्सजीबीई, जो कर्नलमध्येच येतो. वय झालेलं असलं तरी जुन्या सर्व्हरमधून काढलेली ही कार्डं आजही भरपूर मिळतात, आणि ड्रायव्हर इतका मुरलेला आहे की त्या बाबतीत काळजी नाही.

काळजी करायची ती स्लॉटची. ८ लेनवर एन्कोडिंगचा खर्च वजा जाता ३२ गिगाबिट मिळतात, म्हणजे दोन्ही पोर्ट आरामात चालतात. ४ लेनवर उरतात १६, आणि त्यातून पीसीआयच्या हेडरचा खर्च आणखी जातो. दोन पोर्ट मिळून २० गिगाबिट त्यात मावत नाहीत. अनेक मदरबोर्डांवर दिसायला १६ लेनचा असलेला दुसरा किंवा तिसरा स्लॉट आतून फक्त ४ लेनचा असतो, आणि तोही प्रोसेसरला थेट न जोडता चिपसेटमार्गे जातो. स्लॉट ३.० चा असला तरी फायदा नाही, कारण कार्ड २.० च्याच वेगाने बोलतं. म्हणून पहिलं काम: एलएसपीसीआय (पीसीआयवरच्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा) सविस्तर चालवून कार्डाची लिंक कपॅबिलिटी आणि लिंक स्टेटस या दोन ओळी शेजारी ठेवून वाचायच्या. दोन्हीकडे ५ जीटी (प्रत्येक लेनचा वेग) आणि ८ लेन हवं. स्टेटसमध्ये ४ किंवा १ लेन दिसली तर कार्ड काढून कनेक्टर पुसा, नीट दाबून बसवा, तरीही तेच असेल तर स्लॉट बदला. बँडविड्थ अपुरी आहे असा इशारा ड्रायव्हर स्वतःच डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदवहीत) लिहून ठेवतो, पण बूटच्या शेकडो ओळींत तो कुणाच्या नजरेस पडत नाही.

दुसरी अडचण मॉड्यूलची. ड्रायव्हरला ओळखीचे नसलेले एसएफपी-प्लस मॉड्यूल तो नाकारतो, आणि अशा वेळी लिंक बंद दिसत नाही, इंटरफेसच दिसत नाही. नवखा माणूस इथेच कार्ड मेलं असं समजतो. डीमेसेजमध्ये असमर्थित मॉड्यूलची ओळ सापडली तर मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये आयएक्सजीबीईसाठी 'अलाउ_अनसपोर्टेड_एसएफपी=१' लिहायचं. त्यानंतर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी लहान फाइलसिस्टीम) पुन्हा बनवायला विसरू नका. ड्रायव्हर बूटच्या त्या टप्प्यातच लोड होत असेल तर मॉडप्रोबची फाइल बदलूनही काही फरक पडत नाही आणि अर्धा दिवस वाया जातो. एकाच रॅकमध्ये सर्व्हर आणि स्विच असतील तर ऑप्टिकलच्या भानगडीत न पडता डीएसी केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडलेली तांब्याची केबल) घ्या. ती स्वस्त असते, गरम होत नाही आणि पॅसिव्ह प्रकारात ७ मीटरपर्यंत या कार्डावर चालते.

फायबर असेल तर इथटूल या नेटवर्क कार्डाच्या आज्ञेने, म्हणजे 'इथटूल --मॉड्यूल-इन्फो' लावून येणाऱ्या प्रकाशाची ताकद बघा. एसआर (कमी अंतराच्या फायबरच्या) प्रकारासाठी मानकातली खालची मर्यादा -९.९ डीबीएम आहे. आकडा -८ च्या खाली घसरलेला दिसला की आधी कनेक्टरचं तोंड साफ करायचं, मग पॅचकॉर्ड बदलायची आणि त्यानंतरच मॉड्यूलवर संशय घ्यायचा. केबलचा दोष 'आरएक्स_सीआरसी_एरर्स' या काउंटरमध्ये (वाटेत बिघडून आलेल्या फ्रेमच्या, म्हणजे तारेवरच्या पॅकेटांच्या मोजणीत) दिसतो. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा काउंटर ऐकणाऱ्याच्या बाजूला वाढतो, म्हणजे सर्व्हरवर तो शून्य असला तरी सर्व्हरकडून स्विचकडे जाणारी तार खराब असू शकते. स्विचच्या पोर्टवरचा आकडाही बघावाच लागतो. आणि स्विच कट-थ्रू पद्धतीचा असेल तर तो खराब फ्रेम तपासायच्या आधीच पुढे ढकलतो, त्यामुळे तुमच्या पोर्टवर दिसणारी सीआरसीची चूक तिसऱ्याच पोर्टवरच्या केबलची असू शकते. सीआरसी थोडीशी असली तरी ती सहन करू नका. टीसीपीचा वेग अगदी थोड्या गळतीनेही कोसळतो.

आता ज्या आकड्याने सर्वांत जास्त घाबरगुंडी होते तो: आयपी लिंक या आज्ञेच्या आकडेवारीतला 'ड्रॉप्ड'. या कार्डाचा ड्रायव्हर त्या रकान्यात काहीच भरत नाही. तिथला आकडा कर्नल वाढवतं, आणि बहुधा ज्या फ्रेमला घेणारं कुणी नाही अशा फ्रेममुळे: स्विचकडून दर २ सेकंदांनी येणारे स्पॅनिंग ट्रीचे (जाळ्यातले फेरे टाळणारे) फ्रेम, एलएलडीपी (स्विच स्वतःची ओळख सांगतो ते फ्रेम), माहीत नसलेले व्हीलॅन (आभासी नेटवर्क). ओळखायची खूण सोपी आहे. आकडा लोडशी संबंध नसल्यासारखा संथ, ठरावीक चालीने वाढत असेल तर टीसीपीडंप (येणारी सगळी पॅकेट पकडणारं साधन) चालू करा. तो चालू असेपर्यंत वाढ थांबली तर ते फ्रेम कुणाच्या कामाचे नव्हते, विषय संपला.

मिस्ड आणि नो-डीएमए: खरा निदानाचा भाग इथे आहे

'इथटूल --स्टॅटिस्टिक्स' मध्ये शेकडो ओळी येतात. गर्दीच्या वेळी त्यातल्या दोनच आधी बघायच्या: 'आरएक्स_मिस्ड_एरर्स' आणि 'आरएक्स_नो_डीएमए_रिसोर्सेस'. डीएमए म्हणजे कार्डाने पॅकेट थेट मेमरीत लिहिणं. दोन्हींचा अर्थ पॅकेट कार्डापर्यंत आलं पण मेमरीत गेलं नाही, एवढाच. फरक कुठे अडलं त्याचा आहे.

कार्डाच्या पोटात प्रत्येक पोर्टला येणाऱ्या पॅकेटसाठी ५१२ किलोबाइटचा बफर आहे. पूर्ण वेगाने पॅकेट येत असताना तिकडून काहीच बाहेर काढलं नाही तर तो सुमारे ०.४ मिलिसेकंदात भरतो. हा बफर सगळ्या क्यूंचा (आलेली पॅकेट वेगवेगळ्या सीपीयू कोअरकडे नेणाऱ्या रांगांचा) सामायिक आहे. एका क्यूचे डिस्क्रिप्टर (मेमरीतल्या रिकाम्या जागांच्या नोंदी) संपले, म्हणजे त्या क्यूचा सीपीयू कोअर दमला, तर काय करायचं याचे दोन मार्ग आहेत: त्या क्यूची पॅकेट टाकून द्यायची किंवा बफरमध्ये थांबवायची. ड्रायव्हर हे फ्लो कंट्रोल (समोरच्याला पॉज, म्हणजे 'थांब', सांगण्याची सोय) बघून ठरवतो. फ्लो कंट्रोल चालू असेल तर तो पॅकेट थांबवतो, आणि मूळ सेटिंग हेच आहे. स्विचला पॉज फ्रेम गेले आणि स्विचने ते मानले तर ठीक. पण १० गिगाबिट फायबरवर फ्लो कंट्रोलची आपसात वाटाघाट होत नाही, दोन्ही टोकांना ते हाताने जुळवावं लागतं, आणि अनेक स्विचवर ते बंदच असतं. मग सर्व्हर पॉज पाठवत राहतो, स्विच ऐकत नाही, आणि एका दमलेल्या क्यूच्या मागे उरलेल्या सगळ्या क्यूंची पॅकेट अडकून बफर ओसंडतो. एका कोअरच्या आजाराची शिक्षा अख्ख्या पोर्टला. काउंटरमध्ये हे 'मिस्ड' म्हणून दिसतं.

फ्लो कंट्रोल बंद केलं आणि क्यू एकापेक्षा जास्त असल्या, तर ड्रायव्हर दमलेल्या क्यूची पॅकेट तिथल्या तिथे टाकायला सांगतो. बाकीच्या क्यू मोकळ्या धावतात. त्यामुळे गर्दीच्या सर्व्हरवर 'इथटूल --पॉज' ने आरएक्स (येणारं) आणि टीएक्स (जाणारं) दोन्ही ऑफ करून ठेवणं हेच बहुतांश ठिकाणी बरोबर आहे. अपवाद फक्त असा स्टोरेजचा, जिथे संपूर्ण जाळंच पॉजच्या भरवशावर उभं केलेलं आहे. हा बदल करताना लिंक क्षणभर पडते, म्हणून भर गर्दीत करू नका.

इथे एक फसगत ठरलेली आहे. फ्लो कंट्रोल बंद करताच आयपी लिंकमधला 'मिस्ड' थांबतो आणि सगळे खूश होतात. प्रत्यक्षात टाकलेली पॅकेट आता 'आरएक्स_नो_डीएमए_रिसोर्सेस' मध्ये मोजली जातात, आणि हा काउंटर आयपी लिंकच्या आउटपुटमध्ये येतच नाही. झॅबिक्स किंवा प्रोमिथियसमध्ये फक्त कर्नलचे नेहमीचे आकडे खेचत असाल तर गळती चालू राहून आलेख मात्र स्वच्छ दिसेल. मॉनिटरिंगमध्ये इथटूलचे काउंटर घेतलेच पाहिजेत. आणि फ्लो कंट्रोल बंद असूनही 'मिस्ड' वाढत असेल तर दोष क्यूत नाही, पीसीआयच्या वाटेत आहे: लेन कमी पडल्या, आयओएमयू (उपकरणांच्या मेमरी-वापरावर पहारा ठेवणारा भाग) प्रत्येक बफरचा हिशेब ठेवतोय, किंवा प्रोसेसर खोल झोपेतून उठायला वेळ घेतोय. लेन तपासा, बूटच्या ओळीत 'आयओएमयू=पीटी' द्या, आणि ट्यून्डमध्ये (सर्व्हर जुळवणाऱ्या सेवेत) कमी लेटन्सीचं प्रोफाइल लावून खोल सी-स्टेट (झोपेच्या पायऱ्या) बंद करून बघा.

एकच क्यू का दमते

'नो-डीएमए' वाढतोय म्हणजे कुठली तरी क्यू दमते आहे. सीपीयूचा सरासरी वापर २० टक्के दिसत असतानाही हे होतं, कारण १६ कोअरपैकी एक १०० टक्क्यांवर असतो आणि बाकीचे मोकळे. एमपीस्टॅटने प्रत्येक कोअरचा सॉफ्टआयआरक्यू (पॅकेटसारखी कर्नलची कामं करण्यात गेलेला वेळ) बघा, आणि इथटूलच्या आकडेवारीत प्रत्येक क्यूची पॅकेटसंख्या शेजारी ठेवा. वाटप असमान का झालं याची या कार्डापुरती तीन कारणं वारंवार भेटतात.

पहिलं पीपीपीओई (ग्राहकाला लॉगिन करवून जोडणारी पद्धत). गावोगावचे केबल इंटरनेटवाले लिनक्सवर पीपीपीओई सर्व्हर चालवतात आणि त्यात हे कार्ड हमखास असतं. ८२५९९ चं आरएसएस (पॅकेट वाटणारी सोय) आयपी हेडर बघून पॅकेट क्यूंमध्ये वाटतं, पण पीपीपीओईच्या आवरणातलं आयपी त्याला दिसत नाही. त्यामुळे ग्राहकांच्या बाजूचं सगळं अपलोड क्यू ० वर, म्हणजे एकाच कोअरवर येऊन आदळतं. कार्डाला ही अक्कल शिकवता येत नाही. उपाय कर्नलमधला आरपीएस (हीच वाटणी सॉफ्टवेअरमध्ये): त्या इंटरफेसच्या आरएक्स-० क्यूखालच्या 'आरपीएस_सीपीयूज' फाइलमध्ये कोअरचा मास्क (कोणते कोअर वापरायचे ते सांगणारा आकडा) लिहा. कर्नलला पीपीपीओईच्या आत बघता येतं, त्यामुळे ग्राहकांनुसार वाटणी होते. क्यू ० चा स्वतःचा कोअर मास्कमधून वगळा, त्याला उचलून वाटण्याचंच काम पुरेसं असतं.

दुसरं यूडीपी. मूळ सेटिंगमध्ये यूडीपीसाठी हॅश (क्यू ठरवणारा आकडा) फक्त दोन आयपी पत्त्यांवरून काढला जातो, पोर्ट क्रमांक धरले जात नाहीत. दोन सर्व्हरमधलं सगळं व्हीएक्सलॅन (व्हर्च्युअल मशीनचं जाळं दुसऱ्या जाळ्यातून नेणारी पद्धत) हे यूडीपीच असतं, म्हणून डझनभर व्हर्च्युअल मशीनची वाहतूक एका क्यूवर बसते. 'इथटूल --कॉन्फिग-एनटपल' ला 'आरएक्स-फ्लो-हॅश यूडीपी४ एसडीएफएन' द्या. ड्रायव्हर इशारा देईल की तुकडे झालेली पॅकेट क्रम बदलून पोचू शकतात. तो खरा आहे, कारण पहिल्या तुकड्यानंतर पोर्ट क्रमांक नसतो. व्हीएक्सलॅनमध्ये एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) नीट जुळवून तुकडे होऊच दिले नाहीत तर त्रास नाही.

तिसरं कारण लोक स्वतःच ओढवून घेतात: एसआर-आयओव्ही (एक कार्ड अनेक आभासी कार्डांसारखं दाखवणं). एका पोर्टवर ६३ व्हर्च्युअल फंक्शन मिळतात हे वाचून ती चालू केली जातात, वापर मात्र दोनचाच. चालू करताच मुख्य इंटरफेसच्या आरएसएस क्यू १६ वरून ४ वर येतात, आणि फंक्शन जास्त असली तर २ वर. लागत नसतील तर ती शून्य करा.

क्यू किती ठेवायच्या? 'इथटूल --शो-चॅनल्स' कमाल ६३ दाखवतं, पण आरएसएस १६ च्या पुढे वाटत नाही. कार्ड ज्या न्यूमा नोडवर (प्रोसेसर आणि त्याची मेमरी यांच्या गटावर) आहे त्या नोडमधले कोअर मोजा आणि तेवढ्याच, जास्तीत जास्त १६ क्यू ठेवा. नोड क्रमांक इंटरफेसच्या डिव्हाइस फोल्डरमधल्या 'न्यूमा_नोड' फाइलमध्ये असतो. इंटेलच्या ड्रायव्हर संचात येणारी 'सेट_आयआरक्यू_ॲफिनिटी' ही स्क्रिप्ट 'लोकल' पर्यायाने चालवली की इंटरप्ट त्याच नोडच्या कोअरवर बांधले जातात. त्याआधी आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट आपोआप वाटणारी सेवा) थांबवा, नाहीतर तो हे सगळं मोडून ठेवेल. दोन सॉकेटच्या सर्व्हरवर कार्ड एका प्रोसेसरला आणि काम दुसऱ्याला अशी स्थिती असेल तर प्रत्येक पॅकेट दोन प्रोसेसरमधला पूल ओलांडतं, आणि वेग का मिळत नाही याचं उत्तर तिथेच असतं.

रिंगबद्दल थोडं वेगळं मत द्यावं लागेल. जिथे तिथे सल्ला मिळतो की आरएक्स रिंग (एका क्यूच्या डिस्क्रिप्टरची संख्या) ५१२ वरून सरळ ४०९६ करा. आधी हिशेब बघा. १५०० बाइटच्या पॅकेटांनी लाइन भरली तर सेकंदाला सुमारे ८.१ लाख पॅकेट येतात, म्हणजे ती सगळी एकाच क्यूवर आली तरी ५१२ ची रिंग ०.६ मिलिसेकंद तग धरते. सर्वांत लहान, ६४ बाइटच्या पॅकेटांचा मारा असेल तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार, आणि तीच रिंग ३४ मायक्रोसेकंदात संपते. लोंढा थोडा वेळ टिकणारा असेल तर रिंग मोठी केल्याने खरंच फायदा होतो. पण १६ क्यू गुणिले ४०९६ गुणिले २ किलोबाइट म्हणजे १२८ मेगाबाइट. झिऑन ई५ पासूनचे प्रोसेसर कार्डाकडून आलेला डेटा थेट कॅशेत घेतात, तेही कॅशेच्या साधारण दहाव्या हिश्श्यात. रिंग इतकी पसरली की पॅकेट वाचायच्या आधीच कॅशेतून बाहेर फेकलं जातं आणि कोअर आणखी मंदावतो. आधी १०२४, मग २०४८, आणि प्रत्येक पायरीला 'नो-डीएमए' मोजा. कोअर कायमचाच १०० टक्क्यांवर असेल तर रिंग कितीही वाढवा, भरायला काही मिलिसेकंद जास्त लागतील इतकंच.

कार्डाच्या पलीकडे, कर्नलमध्ये कोंडी आहे का ते 'सॉफ्टनेट_स्टॅट' फाइल सांगते. प्रत्येक ओळ एका कोअरची, आकडे हेक्समध्ये. तिसरा रकाना वाढत असेल तर कर्नलची एका फेरीची मर्यादा संपते आहे, तेव्हा 'नेटडेव्ह_बजेट' ३०० वरून ६०० आणि 'नेटडेव्ह_बजेट_यूसेक्स' आहे त्याच्या दुप्पट करून बघा. दुसरा रकाना म्हणजे बॅकलॉग (कर्नलची रांग) भरल्यामुळे फेकून दिलेली पॅकेट. 'नेटडेव्ह_मॅक्स_बॅकलॉग' वाढवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आरपीएस लावलेलं नसेल तर या कार्डाची पॅकेट त्या बॅकलॉगमधून जातच नाहीत. वरचा पीपीपीओईचा उपाय केला असेल तर मात्र तोच आकडा १००० वरून काही हजारांवर न्यावा लागतो.

राउटर म्हणून वापर असेल तर एलआरओ (आलेली लहान पॅकेट जोडणारी सोय) बंदच हवं, कारण जोडून मोठं केलेलं पॅकेट पुढे पाठवता येत नाही. आयपी फॉरवर्डिंग चालू झालं की कर्नल ते आपणहून बंद करतं, तरी 'इथटूल --शो-फीचर्स' मध्ये एकदा खात्री करा. टीसीपीचा क्रम बिघडल्याचे आकडे विनाकारण वाढत असतील तर कार्डाच्या फ्लो डायरेक्टरवर संशय घ्या. एखादा थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला की फ्लो डायरेक्टर त्याची पॅकेटही नव्या क्यूवर वळवतो, आणि जुन्या क्यूत राहिलेली पॅकेट मागून पोचतात. इथटूलने 'एनटपल ऑन' केलं की ही आपोआपची वळवावळवी थांबते.

डीमेसेजमध्ये 'डिटेक्टेड टीएक्स युनिट हँग' आणि मागोमाग रीसेट दिसणं हा वेगळा आजार आहे, त्याचा वरच्या कशाशीच संबंध नाही. पाठवायला दिलेली पॅकेट कार्डाने ठरलेल्या वेळात उचलली नाहीत. आधी त्याच वेळेच्या आसपास पीसीआयच्या जोडणीच्या (एईआर) चुका नोंदल्या आहेत का ते पाहा, असतील तर स्लॉट, रायझर किंवा कार्डच दोषी. नसतील तर बूटच्या ओळीत 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' देऊन (पीसीआयची वीजबचत बंद करून) काही दिवस पाहा, मग टीएसओ (मोठा डेटा पॅकेटांत तोडायचं काम कार्डाला देणं) बंद करून. कार्डाला पंखा नाही, फक्त हीटसिंक आहे. सर्व्हरच्या डब्यात वारा जोरात वाहतो म्हणून तिथे चालतं. साध्या डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये कोपऱ्यात बसवाल तर त्यावर एक लहान पंखा रोखा.

वेग मोजताना आयपर्फ३ या मोजणीच्या साधनाची आवृत्ती बघा. २०२३ मध्ये आलेल्या ३.१६ च्या आधी कितीही समांतर स्ट्रीम दिल्या तरी त्या एकाच थ्रेडवर चालत, म्हणजे मोजमाप कार्डाचं नसून एका कोअरचं होई. १५०० च्या एमटीयूवर टीसीपीचा सर्वांत चांगला आकडा ९.४१ गिगाबिट आहे, ९००० वर ९.९०. ९.४ दिसत असेल तर उरलेल्या ०.६ च्या मागे लागू नका, ती हेडरची किंमत आहे. दोन पोर्ट बाँडिंगमध्ये (एकच जोडणी म्हणून) जोडूनही एकच भरत असेल तर हॅश पॉलिसी मूळच्या 'लेयर२' वर असणार. सगळी वाहतूक एका गेटवेकडे जात असेल तर मॅक पत्ता एकच, म्हणून पोर्टही एकच. ती 'लेयर३+४' करा आणि स्विचच्या बाजूचाही हॅश तपासा.

विकत घेताना नकली कार्डांपासून जपा. ही मालिका इतकी चालली की तिच्या नकला बाजारात भरपूर आहेत. सीलबंद नवं कार्ड संशयास्पद स्वस्तात मिळत असेल तर त्यापेक्षा डेल, एचपी किंवा आयबीएमच्या सर्व्हरमधून काढलेलं वापरलेलं कार्ड बरं. ब्रॅकेट पूर्ण उंचीचा की अर्ध्या, हे आधी विचारा.

फाइल सर्व्हर, बॅकअप, वेब, साधं राउटिंग यांसाठी ८ लेनचा स्लॉट मोकळा असेल तर हे कार्ड डोळे मिटून घ्यावं. व्हीएक्सलॅन हेच मुख्य काम असेल, किंवा स्लॉट ४ लेनचाच पण ३.० चा असेल, तर जास्त पैसे घालून एक्स७१०-डीए२ घ्या: ते ३.० च्या वेगाने बोलतं, त्यामुळे ४ लेनवरही दोन पोर्ट भागतात, आणि व्हीएक्सलॅनच्या आतलं त्याला समजतं. फक्त त्याचं फर्मवेअर एलएलडीपीचे फ्रेम स्वतःच गिळतं आणि सर्व्हरवरच्या एलएलडीपीडीला शेजारचा स्विच दिसत नाही. बसवल्याबरोबर 'इथटूल --सेट-प्रिव्ह-फ्लॅग्ज' ने 'डिसेबल-एफडब्ल्यू-एलएलडीपी' ऑन करून टाका.